लेडी पार्वतीबाई

बीदरकडच्या चिटगुप्प्याच्या बाजारात उतरलेल्या कुठल्याही माणसानं विचारावं, कडक भाकरी कुठं चांगली मिळते, आणि कुणीही हात करून सत्यभामा खानावळ दाखवावी. ज्वारीची, पापडासारखी पातळ, वर तीळ दाबलेले, मोडली की आवाज शेजारच्या टेबलाला ऐकू जावा अशी भाकरी. सोबत शेंगांची चटणी असली की भाजीची वाट पाहायचीही गरज नाही. लोक तिथं खायचे, बांधून न्यायचे, हैदराबादेत शिकणाऱ्या लेकरांना डबे भरून पाठवायचे. लग्नकार्यात मोठ्या घरांमधून भाकरींच्या चळतीच्या चळती मागवल्या जायच्या. ती करणारी बाई मात्र फार थोड्यांनी पाहिली होती. ती मागे पत्र्याच्या शेडमध्ये बसायची, आणि त्या शेडला मागच्या गल्लीतून यायला वेगळं दार होतं.

त्या बाईचं नाव पार्वतीबाई. गावाच्या कडेला बौद्धांची वस्ती आहे, तिथं त्यांचं दोन खोल्यांचं घर. नवरा नरसिंग अडत बाजारात हमाली करायचा. एका हंगामात पोत्यांची थप्पी त्याच्या अंगावर कोसळली आणि तो गेला. तेव्हा त्यांची प्रेरणा नुकती चालायला लागली होती. अशा वेळी नातेवाईक दहाव्याचा घास तोंडात असताना सल्ला देतात आणि अकराव्याला निघून जातात. धावून आली ती सत्यभामाबाई. शेतकऱ्याच्या घरातली, वस्तीशी ना नात्याची ना गोत्याची. तिनं नुकतीच खानावळ टाकली होती आणि नरसिंगच्या डब्यातली भाकरी तिनं कधीतरी पाहिली होती. ती म्हणाली, "पारू, रडून लेकराचं पोट भरतंय का? उद्यापासून ये माझ्याकडं."

पार्वतीबाई गेल्या. कुठल्या दारानं जायचं हे त्यांना कुणी सांगितलं नाही. आपल्याकडं अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. त्या मागच्या दारानं गेल्या, मागे बसल्या, आणि तिथंच त्यांचे केस पिकले.

सत्यभामाबाई वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर तुम्ही उगीच तिच्यावर दात खाल. पार्वतीबाईंना ताप आला तर ती स्वतः काढा घेऊन वस्तीत यायची. प्रेरणाच्या शाळेचं, वह्यांचं तिनं पाहिलं. शेडमध्ये उकिडवी बसून पार्वतीबाईंच्या तव्यावरची पहिली भाकरी ती रोज स्वतः खायची, तीही कांद्याबरोबर, मिटक्या मारत. फक्त बाहेर बसलेल्या गिऱ्हाइकानं "भाकरी कुणाच्या हातची?" असं विचारलं की ती म्हणायची, "आमच्या घरची." तिचा नवरा किशनराव गल्ल्यावर बसून मान डोलवायचा. खोटं म्हणावं तर खोटं नाही, खरं म्हणावं तर खरं नाही. अशा बोलण्यावर आपली अर्धी दुनिया चालते.

आणि हात तर खरंच सोन्याचा होता. थापायला कुणीही शिकतं हो. भाकरीची खरी परीक्षा मळण्यात. पार्वतीबाई पिठात आधणाचं पाणी घालायच्या, आणि चटका सोसवेल न सोसवेल अशा वेळी हात घालून तळव्याच्या उतारानं पीठ रेटत राहायच्या, ते लोण्यासारखं होईपर्यंत. त्या म्हणायच्या, "गार पान्यानं ज्वारी रुसती. तिला ऊन ऊन असतानाच मनवावं लागतंय." मग ती भाकरी काठाला चिरायची नाही, तव्यावर भेगाळायची नाही. आरावर फुगायची, नंतर चुलीच्या कडेला उभी राहून हळूहळू कडक व्हायची.

पार्वतीबाईंची आयुष्यात एकच हाव होती. पोरीची मान खाली जायला नको. म्हणून तिला लहानपणीच कलबुर्गीच्या वसतिगृहात टाकली. सुट्टीत ती आली की घरी ठेवायच्या, खानावळीकडं फिरकू द्यायच्या नाहीत. "धुरात कामून येतीस, डोळे जातील," असं काहीतरी सांगायच्या. आणि पोरगी विचारायची, "आई, तू काय काम करतीस?" तेव्हा छाती पुढं काढून म्हणायच्या, "आख्खं चिटगुप्पा माझ्या हातची भाकर खातंय!" ते खरंच होतं. फक्त चिटगुप्प्याला ते ठाऊक नव्हतं, एवढा शेवटचा तुकडा त्या गिळून टाकायच्या.

प्रेरणाला जात माहीत नव्हती असं समजू नका. ती तिला वसतिगृहात भेटली होती, कलबुर्गीत भाड्याची खोली शोधताना भेटली होती. पण आईच्या भाकरीपुढं तरी जातीनं हात टेकले आहेत, असा तिचा पक्का समज होता. तो समज तिला आईनंच दिला होता, खाऊ दिल्यासारखा.

पोरगी शिकली. इंग्रजीत एम.ए. केलं, कलबुर्गीच्या एका कॉलेजात शिकवायला लागली. बायकांना बसचं तिकीट माफ झाल्यापासून तर जवळजवळ दर रविवारी घरी. आल्या आल्या चुलीपुढं पाटावर बसायचं आणि आठवडाभर वर्गात काय काय झालं ते आईला सांगायचं. आईला इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं, पण पोरगी बोलते आहे हेच त्यांना पुरेसं होतं.

अशाच एका रविवारी ती म्हणाली, "आई, लेडी हा शब्द ठाव हाय का तुला?"

"न ठाव असायला काय झालं? बसमधी लेडीज सीट अस्ती. दवाखान्यात लेडी डॉक्टर अस्ती. अन बाजारातल्या रुद्रम्माची सून गॉगल लावून निगाली की समदे मनतेत, बडी लेडी आली!"

प्रेरणा खळखळून हसली. मग सावरून बसली, वर्गात बसतात तशी. "हे अर्थ लई मागाहून आलेत. आधी लेडी मनजे राजाच्या, सरदाराच्या घरची मालकीण. मग कुनी बी मोठ्या घरची बाई. मग हळूहळू समद्याच बाया लेडीज झाल्या. पर त्याच्या बी आधी, हजार वर्सांमागं, हा शब्द येगळाच व्हता. ह्लाफ-दिगे. ह्लाफ मनजे भाकर. अन दिगे मनजे मळनारी."

पार्वतीबाईंचे हात पिठात थांबले.

"भाकर मळनारी?"

"व्हय. बोलून बोलून झिजला अन लेडी झाला. अन लॉर्ड मनतेत ना, साहेब, धनी, तो बी तसाच. भाकर राखनारा. अन त्येंच्या आसऱ्याला जी मानसं ऱ्हायची, त्येंना मनायचे भाकर खानारे."

पार्वतीबाईंनी पिठात आणखी थोडं ऊन पाणी घातलं. मग त्यांनी विचारलेला प्रश्न पोरीला साधा वाटला, पण तो साधा नव्हता. "मंग त्या बाईच्या हातचं समदे खायचे?"

"समदे. तिच्या हातावरच घर चालायचं ना."

"अन ती कोन हाय हे ठाव असून खायचे?"

"आई, असं काय इचारायलीस? ठाव असल्याबिगर तिला मान कसा मिळंल?"

पार्वतीबाई हसल्या. "चल, येडी," म्हणाल्या, आणि गोळा तळव्यावर घेऊन थापायला लागल्या. पण त्या दिवशी त्यांचं मन थाऱ्यावर नव्हतं. कुठल्या त्या परमुलखातल्या हजार वर्षांपूर्वीच्या बायका, पण हात त्यांचेही असेच भाजले असतील. आणि त्यांना लोक लेडी म्हणायचे. पार्वतीबाईंना हे इतकं आवडलं की त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

प्रेरणानं तेवढ्यात मोबाइल काढला. "आई, तू करत ऱ्हा. मी जरा व्हिडिओ काढते." तिनं आईचे पिठातले हात काढले, मळणं काढलं, थापणं काढलं, आरावर फुगलेली भाकरी काढली. चुलीमागच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, तीही त्यात आली. आणि मागून तिचा आवाज: ही माझी आई, पार्वतीबाई. इंग्रजीत लेडी म्हणजे मुळात भाकरी मळणारी. मग माझ्या आईएवढी मोठी लेडी दुसरी कोण? चिटगुप्प्याच्या सत्यभामा खानावळीत तुम्ही जी कडक भाकरी खाता, ती हिच्या हातची.

"खानावळीचं नाव कशाला घेतलीस?" पार्वतीबाई एकदम म्हणाल्या.

"कामून?"

आता सांगा, ह्या 'कामून'ला त्या काय उत्तर देणार होत्या? खरं सांगायचं तर इतक्या वर्षांचा खाऊ पोरीच्या हातातून हिसकावून घ्यावा लागला असता. पोरगी एवढ्या कौतुकानं बघत होती. पार्वतीबाईंनी पदर सारखा केला. "काय न्हाई," त्या म्हणाल्या. "उगं आपलं."

त्यांचं चुकलं म्हणा हवं तर. मला तसं म्हणवत नाही.

व्हिडिओ पसरला. वस्तीतल्या पोरींनी तो एकमेकींना पाठवला, बीदरला गेला, उदगीरला गेला. समोरची पंचशीला धावत येऊन म्हणाली, "काकू, तुमी तर फेमस झालाव!" दोन-चार दिवस पार्वतीबाईंना चालताना जमीन मऊ लागत होती. प्रेरणानं त्यांच्या फोनवर तो कसा लावायचा ते शिकवलं होतं. त्या काम आटोपून आल्या की एकदा लावून बघायच्या. आपलं नाव पोरीच्या तोंडून, एवढ्या मोठ्यानं, एवढ्या नीट, त्यांनी पूर्वी ऐकलंच नव्हतं.

मग एका मोठ्या घरच्या लग्नाच्या भाकरी रद्द झाल्या. "पाहुन्यांनी चपात्याच करा मनलेत," असा निरोप आला. किशनराव म्हणाले, असेल बुवा. मग दुसऱ्या घरचा साखरपुडा चपात्यांवर गेला. मग डबे बांधून नेणारे नेहमीचे लोक नुसती चटणी नेऊ लागले. कुणी भांडलं नाही, कुणी शिवी दिली नाही, कुणी वाईट बोललं असतं तर तोंडावर फेकायला काहीतरी हाताला लागलं असतं. सगळं कसं गोडीगुलाबीत झालं. एका आजोबांनी तर किशनरावांना म्हणे पाठीवर हात ठेवून सांगितलं, "आमचं काय न्हाई हो, घरात बायका ऐकत न्हाईत." आपल्या गावात जात कुणीच पाळत नाही, सगळ्यांच्या घरातल्या बायकाच तेवढ्या पाळतात!

किशनराव शेडकडं यायचे बंद झाले. आणि एका दुपारी सत्यभामाबाई आली. रोजच्यासारखी उकिडवी बसली, तव्याकडं बघत राहिली. भाकरी मागितली नाही.

"पारू, मी तुला कवा येगळं धरलं का?"

"न्हाई अक्का."

"तुझ्या हातचं मी रोज खाते. देवाशप्पत, मला तुझ्याबिगर दुसऱ्याची भाकर गोड लागत न्हाई. पर धंदा माझ्या एकटीच्या जिभेवर चालत न्हाई गं." तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "आमच्यातली रुद्रम्मा येती मनलीय उद्यापासून. तू ज्वारी निवड, दळन आन. पगार तोच ऱ्हाईल. तुला मी उघड्यावर टाकनार न्हाई."

पार्वतीबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. ती जळू नये एवढंच त्या क्षणी त्यांना सुचलं. मग म्हणाल्या, "बरं, अक्का."

दाण्याला विटाळ नाही. पिठाला थोडा आहे, पाणी पडलं की वाढतो, आणि भाकरीला तर पुरता लागतो. हे कुठल्या शास्त्रात आहे मला ठाऊक नाही, पण चिटगुप्प्यात ते सगळ्यांना पाठ होतं.

दुसऱ्या दिवशी रुद्रम्मा आली. तिला चपात्या यायच्या. कडक भाकरी यायची नाही. मग काय? पार्वतीबाईंनीच तिला शिकवलं. लांब बसून, हात न लावता, तोंडानं. "आजून ऊन पानी घाल. तळव्याच्या खालच्या अंगानं रेट. थांबू नको." रुद्रम्मा बिचारी भली बाई, तिला चटका सोसत नव्हता, आणि ह्या सगळ्याची लाजही सोसत नव्हती. ती खाली मान घालून मळायची. पार्वतीबाईंचे हात मांडीवर आपसूक हलायचे, मग त्या ते पदराखाली झाकून घ्यायच्या. खानावळीत गल्ल्यामागच्या भिंतीवर नवा फलक लागला. त्यावर कुंकू लावलेल्या रुद्रम्माचा हसरा फोटो आणि खाली कानडीत नि मराठीत: रुद्रम्मांच्या हातची कडक भाकरी. पूर्वी कधी कुणाचा हात सांगावा लागला नव्हता. आता तो सांगणं जरुरीचं झालं होतं. गिऱ्हाईक हळूहळू परत आलं.

प्रेरणाला त्यांनी काही कळू दिलं नाही. रविवारी ती आली की त्या नेहमीसारख्या चुलीपुढं बसायच्या, नेहमीसारख्या हसायच्या. "सत्यभामामावशी बऱ्या हायत ना?" "बऱ्या हायत." "व्हिडिओ बगितल्या का त्यांनी?" "बगितल्या की. लई खूश झाल्या." नोकरी गेली असती तरी चाललं असतं, हात रिकामे राहिले तेही त्यांनी सोसलं. पण पोरीला तिच्याच कौतुकानं आईचं काय झालं हे कळलं तर ती स्वतःला कधी माफ करणार नाही, आणि तिला जगाकडं सरळ बघायला शिकवलेलं सगळं वाया जाईल, ही एकच धास्ती त्यांच्या उराशी बसली होती. रोज सूप घेऊन बसलं की त्या मनात एवढंच घोकायच्या, की तिला कळू नये.

पण कॉलेजला मधेच सुट्टी लागली आणि प्रेरणा न सांगता आली. घराला कुलूप होतं. तिला गंमत सुचली, आज आईला खानावळीतच गाठू. लहानपणापासून जिथं जाऊ दिलं नव्हतं, तिथं ती पुढच्या दारानं गिऱ्हाइकासारखी गेली. पर्स टेबलावर ठेवली आणि भाकरी-चटणी मागवली.

भाकरी आली. तिनं मोडली, एक तुकडा तोंडात घातला, आणि तिचं हसू तिथंच थांबलं. जिनं जन्मभर एका हातचं खाल्लं आहे, तिला सांगायला माणूस लागत नाही. तिनं मान वर केली तर समोर रुद्रम्माचा फोटो. तिनं वाचलं. गल्ल्यावरचे किशनराव एकदम हिशोबात डोकं खुपसून बसले. शेजारच्या टेबलावरचा कुणीतरी आपल्या सोबत्याला हळू म्हणाला, "ती व्हिडिओतली... तिची पोरगी." आणि दोघंही खाण्याकडं वळले.

ती उठून आत गेली. शेडमध्ये रुद्रम्मा तव्यापुढं होती, आणि आई मागच्या दाराशी, ज्वारीच्या ढिगामागं, सूप घेऊन.

"आई?"

पार्वतीबाईंच्या हातून सूप निसटलं. दाणे भुईभर झाले. "तू कवा आलीस? माजे हात दुखायलेत गं लई. मनून मीच मनले अक्काला, की आता मला..." पुढं त्यांना रचता येईना. खोटं बोलायला सराव पुष्कळ होता, पण तो लांबून बोलायचा. पोरीच्या डोळ्यांत बघून त्या कधी बोलल्या नव्हत्या.

प्रेरणानं आईकडं बघितलं, रुद्रम्माकडं बघितलं. रुद्रम्मानं पदर तोंडाला लावला. बस्, तेवढ्यानं पोरीला सगळं कळलं. शिकलेली होती ना.

पार्वतीबाई वाट बघत होत्या ती आता चिडेल, ओरडेल, बाहेर जाऊन चार लोकांत विचारेल. त्या भीत होत्या, आणि खरं सांगू, आतून कुठंतरी आसुसल्याही होत्या. त्यांना स्वतःला जे कधी जमलं नाही, त्यासाठीच तर त्यांनी तिला वाढवली होती.

आवाज ऐकून सत्यभामाबाई धावत आली. "पोरी, बस गं आधी. पानी पी."

प्रेरणानं मोबाइल काढला. थोडा वेळ बोटं चालली. मग तिनं तो सत्यभामाबाईपुढं धरला आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मावशी, व्हिडिओ काढून टाकला मी. हे बगा. आता कुनाला दिसनार न्हाई. माजं चुकलं. मी नाव घ्यायला नको व्हतं. आईला परत भाकरीवर बसवा. हितंच, मागं. कुनाला काय सांगू नका." आणि तिनं हात जोडले.

सत्यभामाबाई मटकन खाली बसून रडायला लागली. "तुझं काय चुकलं गं बाई, तुझं काय चुकलं," एवढंच म्हणत राहिली. भाकरीवर बसवते, असं मात्र ती म्हणाली नाही.

पार्वतीबाईंनी पुढं होऊन पोरीचे जोडलेले हात धरले आणि ओढून सोडवले. "जोडू नको. माय मनते तुला, हात जोडू नको." पण ते हात सैल झाले होते, सोडले तसे बाजूला लोंबत राहिले. नवरा गेला तेव्हा पार्वतीबाईंना एवढं पोरकं वाटलं नव्हतं. तव्यापुढून उठवलं त्या दिवशीही नाही. गावानं त्यांना मागं बसवलं होतं, आणि आज त्यांच्या पोरीनं, त्यांच्यावरच्या मायेपोटी, तीच जागा हात जोडून मागितली होती.

"घरी चल, आई," प्रेरणा म्हणाली.

पर्स बाहेरच्या टेबलावर राहिली होती. रुद्रम्मानं ती आणून दिली. बाहेर जेवणारी माणसं बसलेली होती. प्रेरणानं शेड नि खानावळीमधल्या पडद्याआडून एकदा तिकडं पाहिलं, ओढणी डोक्यावरून घेतली, आणि मागच्या गल्लीचं दार उघडून बाहेर पडली. तिला कुणीही तसं सांगितलं नव्हतं. पार्वतीबाई तिच्या मागोमाग निघाल्या. गल्लीत त्यांना तिच्या बरोबरीनं चालवेना.